पाय मोडला तो कामाने, लंगडा केला तो व्यवस्थेने

चाळीसगावच्या टांग्याची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. पण ती आपण अर्धीच ऐकतो, असं आम्हाला वाटतं.

१९२९ साल. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे बाबासाहेब सदस्य होते. धुळ्याकडून परतताना ते चाळीसगावला उतरले. वस्तीतल्या लोकांचा आग्रह होता, एक रात्र आमच्याकडे राहा. स्टेशनवर टांगे होते, टांगेवालेही होते. पण अस्पृश्याला टांग्यात बसवून आपण टांगा हाकायचा, हे एकाही टांगेवाल्याला मान्य नव्हतं. शेवटी टांगा भाड्याने घेतला आणि ज्याने आयुष्यात कधी टांगा हाकला नव्हता, असा आपल्यातलाच एक माणूस लगाम धरून बसला. नदीवरच्या फरशीवर चाक अडकलं, घोडा आणि टांगा खाली गेला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले. त्यांचा पाय मोडला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत त्यांनी स्वतः हा प्रसंग नोंदवून ठेवला आहे.

ही गोष्ट आपण टांगेवाल्याच्या माजासाठी सांगतो. ते बरोबरच आहे. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे. बाबासाहेबांचा पाय घोड्याने मोडला नाही आणि फरशीनेही मोडला नाही. तो जातीने मोडला. ज्याला टांगा हाकता येत होता त्याने नकार दिला आणि ज्याला येत नव्हता त्याच्यावर ते काम येऊन पडलं. अपघात हा आभाळातून पडत नसतो. तो कुणावर पडणार, हे समाजाने आधीच ठरवून ठेवलेलं असतं.

आणि त्यानंतर काही महिन्यांतच, २ मार्च १९३० रोजी, आपल्या नाशिकमध्ये काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. मोडलेला पाय बरा झालेला नेता आणि मैलभर लांब मिरवणुकीत चाललेले आपले आजे-पणजे. आपली चळवळच मुळात चालण्याची चळवळ आहे. चवदार तळ्याकडे चालत जाणं, काळारामाच्या दाराशी चालत जाणं. म्हणून पाय मोडण्याचा प्रश्न आम्हाला केवळ डॉक्टरांचा प्रश्न वाटत नाही. आज आम्हाला त्यावर बोलायचं आहे.

कोण पडतं?

सकाळी आठ वाजता नाशिकच्या कुठल्याही मजूर नाक्यावर जाऊन उभे राहा. सेंट्रिंगवाले, बिगारी, प्लंबर, रंगारी. मुकादम येतो, बोटाने माणसं निवडतो, पिकअपमध्ये भरतो. कुणाचं नाव लिहीत नाही, कुणाचा फोटो घेत नाही. दुपारी तिसऱ्या मजल्यावरच्या परांचीची बल्ली सुटली तर खाली पडलेला माणूस 'आमचा नाही' असं म्हणायला ठेकेदार मोकळा असतो.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कंत्राटी कामगाराच्या पायावर डाय पडते. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत सुरगाणा-पेठकडून मजूर उभे भरून आणले जातात, ती पिकअप घाटात उलटते. पेठ आणि त्र्यंबकेश्वर तालुक्यांतल्या पाड्यांवर उन्हाळ्यात आदिवासी बाया पाण्यासाठी खोल विहिरीत उतरतात. कठड्याला धरून, दगडाच्या खाचेत पाय रोवून. मुंबई-आग्रा महामार्गावर रात्री सायकलवरून घरी जाणाऱ्या माणसाला गाडी उडवून निघून जाते.

काही मित्र म्हणतील, यात जात कुठे आली? गरीब मराठ्याचाही पाय मोडतो, गरीब ब्राह्मणाचाही मोडतो. मान्य. हाडाला जात नसते आणि वेदनेलाही नसते. पण परांचीवर कोण आहे, विहिरीत कोण उतरलंय, पिकअपमध्ये उभं कोण आहे, याला जात असते. आणि पडल्यानंतर कुणाला किती दिवसांत टेबलावर घेतलं गेलं, घरी गेल्यावर कुणाला पलंग मिळाला आणि कुणाला फरशी, यालाही जात असते. आम्ही ज्या मागण्या पुढे मांडणार आहोत त्यांचा फायदा प्रत्येक जातीच्या गरिबाला होईल. झालाच पाहिजे. बाबासाहेबांनी मजूरमंत्री म्हणून जे केलं ते एका जातीसाठी केलं नव्हतं.

पहिले दोन दिवस

वैद्यकशास्त्र काय सांगतं ते आधी साध्या शब्दांत समजून घेऊ. कार्यकर्त्याला हे माहीत असलंच पाहिजे, कारण रात्री दोन वाजता फोन आपल्यालाच येतो.

मांडीचं हाड शरीरातलं सगळ्यात मोठं हाड. ते मोडलं तर बाहेर एक थेंब दिसला नाही तरी मांडीच्या आत एक लिटरच्या वर रक्त जाऊ शकतं. म्हणून पाय सरळ, फळीला बांधून न हलवता नेणं हे पहिलं काम. पहिल्या महायुद्धात मांडीला गोळी लागलेले सैनिक मोठ्या संख्येने मरत होते. थॉमस स्प्लिंट नावाचा एक साधा लोखंडी सांगाडा पायाला बांधायला सुरुवात झाली आणि मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. मोठं यंत्र नाही, मोठा डॉक्टर नाही, फक्त पाय हलू न देण्याची अक्कल. डोलीत घालून डोंगर उतरवल्या जाणाऱ्या आपल्या आदिवासी भावाला आज तेवढंही मिळत नाही.

हाड कातडी फाडून बाहेर आलं असेल तर घड्याळ आणखी जोरात पळतं. जखम धुणं आणि प्रतिजैविक औषध सुरू करणं जितक्या लवकर, शक्यतो पहिल्या तासाभरात, तितका पाय वाचण्याचा संभव जास्त. खुब्याच्या मानेचं हाड तरुण माणसात मोडलं तर खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. उशीर झाला किंवा हाड जागेवर नीट बसलं नाही, तर गोळा सुकतो आणि तिशीतल्या माणसाला सांधा बदलायची वेळ येते.

आता वस्तुस्थिती. आमच्या ओळखीच्या एका सेंट्रिंगवाल्या भावाची मांडी मोडली. पहिल्या दवाखान्याने अनामत रक्कम मागितली. दुसऱ्याने 'योजनेत बसतं, पण कागद आणा' म्हटलं. रेशनकार्ड गावाला. गावाहून कार्ड आलं तर त्यात नाव नाही. सहाव्या दिवशी ऑपरेशन झालं. रॉड व्यवस्थित बसला. डॉक्टर चांगले होते, आम्ही त्यांना दोष देत नाही. पण पाच दिवस तो माणूस वजन लटकवून पडून होता, ते पाच दिवस कुणाच्या हिशेबात धरायचे?

आणि हे ज्या शहरात घडतं ते शहर कोणतं? महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकमध्ये आहे. राज्यभरातले डॉक्टर ज्यांच्या सहीची पदवी घेऊन बाहेर पडतात ते विद्यापीठ आपल्या गावात. पण त्याच नाशिकला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळालं ते २०२४ साली, राज्यातल्या नव्या दहा महाविद्यालयांपैकी एक म्हणून. मधल्या २६ वर्षांत जिल्ह्यातल्या मोडक्या हाडांचा भार कुणी वाहिला? जिल्हा रुग्णालयाने आणि नाहीतर गहाण पडलेल्या मंगळसूत्राने.

हाडवैद्याकडे जाणाऱ्या माणसावर हसणाऱ्यांचा आम्हाला राग येतो. तो हाडवैद्याकडे जातो कारण हाडवैद्य गावात आहे, उधारीवर आहे आणि त्याच्याशी आपल्या भाषेत बोलतो. साधा मुरगळा तिथे बराही होत असेल. पण बांबूच्या कामट्या करकचून बांधल्या आणि पायाची बोटं थंड, बधिर, निळसर पडू लागली, वेदना वाढतच चालली, तर ती पट्टी त्याच क्षणी सोडायची आणि दवाखाना गाठायचा. हेच प्लास्टरलाही लागू आहे. आतल्या दाबाने रक्त थांबलं तर काही तासांत पाय जातो. हे वाक्य प्रत्येक विहाराच्या फळ्यावर लिहिलं पाहिजे.

'आता वय झालं'

एक गोष्ट आपल्या घरातली. ती बाहेरच्यांवर ढकलता येणार नाही.

सत्तरीची आजी मोरीत घसरते. खुब्यात दुखतं, पाय बाहेरच्या बाजूला वळलेला, उभं राहता येत नाही. घरात चर्चा होते. 'आता वय झालं, ऑपरेशन कशाला, सहन होईल का?' आणि आजीला कोपऱ्यात गादी घालून दिली जाते.

मित्रांनो, ही दया नाही, हा निकाल आहे. म्हातारपणी खुबा मोडला की पडून राहणं हाच मोठा धोका असतो. पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, पायात रक्ताची गुठळी होते. जगभरातला अनुभव असा की, शक्यतो दोन दिवसांच्या आत ऑपरेशन करावं आणि दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करावं. हाड कुठे मोडलंय त्यानुसार खिळा, रॉड किंवा अर्धा वा पूर्ण कृत्रिम सांधा. ऑपरेशन सहन होईल का, हा प्रश्न डॉक्टरला विचारायचा असतो, शेजाऱ्याला नाही. धोका असतोच. चांगले उपचार मिळूनही अनेक वृद्ध वर्षभरात दगावतात. पण न केलेल्या ऑपरेशनचा धोका त्याहून मोठा असतो आणि तो कुणी मोजत नाही.

आणि एक प्रश्न स्वतःला विचारा. आजोबा पडले असते तरी हेच ठरलं असतं का? जिने आयुष्यभर लोकांची धुणी-भांडी केली, शेतात निंदणी केली, पोरांना शिकवलं, तिच्या खुब्याची किंमत घरात इतकी कमी का? स्त्री-पुरुष समता भाषणात सोपी असते. मोरीत घसरलेल्या आजीजवळ तिची परीक्षा होते.

दहा दिवस आणि चार महिने

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे येऊ.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हाडांची अनेक ऑपरेशनं मोफत होतात. २०२३ च्या शासन निर्णयाने ती राज्यातल्या सर्व कुटुंबांसाठी खुली झाली आणि मर्यादा वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत नेली गेली. ही चांगली गोष्ट आहे. तिला नावं ठेवायचा आमचा हेतू नाही. उलट, 'योजनेतला रॉड हलका असतो, चांगला हवा तर वरचे पैसे द्या' असं कुणी म्हणालं, तर तिथल्या आरोग्यमित्राकडे जा, १५५३८८ वर फोन करा, लेखी तक्रार द्या. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवणं बंधनकारक आहे. ते उपकार नाहीत, कायदा आहे.

पण या योजनेच्या पॅकेजमध्ये घरी सोडल्यानंतरचे किती दिवस धरलेत? १० दिवस.

आणि हाडाला जुळायला किती लागतात? मांडीचं हाड तीन ते सहा महिने. नडगी चार ते सहा महिने, जखम उघडी असेल तर त्याहून जास्त.

सेंट्रिंगवाल्याला हे कुणी समजावून सांगायला नको. स्लॅब टाकला की दुसऱ्या दिवशी खालचे टेकू कुणी काढत नाही. पाणी मारावं लागतं, दिवस जाऊ द्यावे लागतात. बिल्डरलाही ते माहीत असतं, म्हणून तो स्लॅबला वेळ देतो. स्लॅब घालणाऱ्याच्या हाडाला मात्र तो वेळ द्यायला तयार नसतो. रॉड हा टेकू आहे. हाड जुळेपर्यंत तो भार पेलतो. हाड जुळायच्या आधीच माणूस पाट्या उचलायला गेला, तर रॉड वाकतो, स्क्रू तुटतो आणि मग वस्तीत चर्चा होते, 'त्याला रॉड पचला नाही.' रॉड पचत नाही असं नसतं. त्याला भाकरी कमवायची घाई करावी लागली, हे खरं कारण असतं. आणि जखमेतून पू येत असेल तर तो न पचण्याचा प्रकार नाही, तो जंतुसंसर्ग आहे. त्याच दिवशी परत जायचं.

डिस्चार्ज कार्डावर एक ओळ असते : 'फिजिओथेरपी करावी.' कुठे करावी? सुरगाण्याच्या पाड्यावर? आणि झोपडपट्टीत दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं राहतात, तिथे वॉकर फिरवणार कुठे? खुब्याचा सांधा बदललेल्या माणसाला उकिडवं बसू नका, मांडी घालू नका, असं सांगतात, कारण सांधा निखळू शकतो. वस्तीतला सार्वजनिक संडास मात्र उकिडवं बसायचा. मग बाया काय करतात माहीत आहे? खाणं-पाणी कमी करतात, म्हणजे जावंच लागू नये. हाड जुळायला प्रथिनं लागतात आणि आमची बहीण संडासाच्या भीतीने उपाशी राहते. याला ऑपरेशनचं यश म्हणायचं का?

आमचा तो सेंट्रिंगवाला भाऊ आज एका सोसायटीत रात्रीचा वॉचमन आहे, आधीच्या निम्म्या पैशांत. एक्स-रे उत्तम आहे. गुडघा पूर्ण वाकत नाही, कारण पहिल्या दोन महिन्यांत त्याला व्यायाम कुणी शिकवलाच नाही. दवाखान्याच्या वहीत ऑपरेशन पास. घरात माणूस नापास.

बाबासाहेबांचं उत्तर

हा प्रश्न सुटण्यासारखाच नाही असं कुणी समजू नये. त्याचं उत्तर ऐंशी वर्षांपूर्वी देऊन ठेवलेलं आहे.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत होते. त्याच काळात, १९४३ मध्ये, औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचं काम प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे सोपवलं गेलं आणि त्यातून पुढे १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा आला. त्यामागचा विचार साधा आहे : कामावर जायबंदी झालेल्या कामगाराला फक्त उपचार देऊन भागत नाही. तो बरा होईपर्यंत त्याच्या घरात पगार गेला पाहिजे. आजही या विम्यात कामावरच्या दुखापतीत कामगाराला बरा होईपर्यंत मजुरीच्या ९० टक्के रक्कम मिळते आणि हे संरक्षण नोकरीच्या पहिल्या दिवसापासून असतं.

आता दोन माणसं शेजारी-शेजारी ठेवा. दोघांचीही मांडी मोडली, दोघांनाही सारखाच रॉड बसला. एक सातपूरच्या कारखान्यात विम्याखाली आहे. तो चार महिने घरी बसू शकतो, कारण ९० टक्के मजुरी येते. दुसरा नाक्यावरचा. त्याला शून्य. पहिला नीट चालेल, दुसरा लंगडेल. फरक सर्जनच्या हातात नव्हता, फरक मजुरीच्या पाकिटात होता. म्हणून आम्ही म्हणतो, मोडलेल्या हाडावरचं सगळ्यात गुणकारी औषध म्हणजे बिनकामाच्या दिवसांची मजुरी.

बांधकाम मजुरांसाठी कल्याणकारी मंडळ आहे. बांधकाम खर्चाच्या १ टक्का उपकर त्यात जमा होतो. त्यातून भांड्यांचे संच वाटले गेले, पेट्या वाटल्या गेल्या. वाटप झालं, फोटो निघाले. पण हाड मोडलेल्या मजुराला चार महिने मजुरी देणारी योजना कुठे आहे? अपंगत्वाचे २ लाख रुपये आहेत, पण ते ७५ टक्के किंवा त्याहून जास्त कायमचं अपंगत्व आलं तर. म्हणजे पाय पुरता गेला तर या, नुसता निकामी झाला तर येऊ नका.

टक्क्यांचं राजकारण

इथे आपण शेवटच्या आणि सगळ्यात कमी बोलल्या जाणाऱ्या प्रश्नाशी येतो. टक्के कोण ठरवतं?

१९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात टक्के ठरवून दिलेले होते. खुब्यापासून पाय कापावा लागला तर ९०, गुडघ्याखाली कापला तर ५०. ही व्यवस्था आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावून घेतली आहे. पण पाय कापला गेला नाही, नुसता दीड इंच आखूड झाला, गुडघा अर्धाच वाकतो, खुबा आखडला, तर त्याचा तक्ता नाही. तिथे डॉक्टरच्या दाखल्यावर सगळं अवलंबून. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ खालच्या बहुतेक लाभांसाठी ४० टक्के लागतात. आणि मोडून जुळलेला पाय पुष्कळदा या रेषेच्या खालीच अडकतो.

दाखल्यासाठी पाय मोजताना सांधा किती अंश वाकतो ते बघतात. या पायावर हा माणूस परांचीवर चढू शकतो का, हे कुणी विचारत नाही. कारकुनाचा गुडघा तेवढा आखडला तर तो खुर्चीत बसून नोकरी करेल. बिगाऱ्याचा आखडला तर त्याचा धंदाच बुडाला. पण दाखल्यावर दोघांचे टक्के सारखे.

सर्वोच्च न्यायालयाला हे कळलेलं आहे, आपल्याला नाही. १९७५ मध्ये प्रताप नारायण सिंह देव खटल्यात एका सुताराचा डावा हात गेला होता. न्यायालयाने म्हटलं, हा माणूस सुतारकाम करू शकत नाही, म्हणजे त्याची कमावण्याची शक्ती पूर्ण गेली. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजय कुमार या निकालातला जखमी माणूस तर पाय आणि हाताची हाडं मोडलेला फिरता विक्रेताच होता. त्या निकालाने तत्त्व स्पष्ट केलं : अवयवाचे टक्के म्हणजे कमाईच्या नुकसानीचे टक्के नव्हेत. माणूस आधी काय काम करत होता आणि आता काय करू शकतो, हे बघून नुकसान ठरवायचं. मोटार अपघाताच्या दाव्यात आपल्या वकिलाने हे तत्त्व मांडलं का, हे विचारा. दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करा. धडक देऊन पळालेलं वाहन सापडलं नाही तरी गंभीर दुखापतीला ५०,००० रुपयांची भरपाई आहे, आणि हाड मोडणं ही कायद्याने गंभीर दुखापतच आहे.

ॲट्रॉसिटीच्या प्रकरणांतही हाच टक्का उभा राहतो. आपल्या माणसांचे पाय मुद्दाम मोडले जातात. पुन्हा शेतात उभा राहू नये, पुन्हा मिरवणुकीत चालू नये म्हणून. २०१६ च्या सुधारित नियमांत १०० टक्के अपंगत्वाला ८ लाख २५ हजार, ५० च्या वर असेल तर ४ लाख ५० हजार आणि ५० च्या आत २ लाख ५० हजार रुपये साहाय्य आहे. आपण एफआयआरसाठी रात्रभर पोलीस ठाण्यात बसतो, मोर्चा काढतो. पण त्या माणसाची मेडिको-लीगल नोंद झाली का, एक्स-रे जपून ठेवले का, सहा महिन्यांनी अपंगत्वाची तपासणी करून घेतली का, हे बघायला आपण परत जात नाही. आपला मोर्चा संपतो तेव्हा त्याचा लंगडेपणा सुरू होतो.

आपण काय करायचं?

सरकारकडे आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. बांधकाम मजुराला कामावर दुखापत झाली तर बरा होईपर्यंत मजुरीच्या ९० टक्के रक्कम उपकराच्या निधीतून द्या. मोफत ऑपरेशनची मुदत १० दिवसांवर तोडू नका. हाड जुळेपर्यंतचे एक्स-रे, व्यायाम, वॉकर आणि येण्या-जाण्याचा खर्च त्यात धरा. प्रत्येक तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट नेमा. दाखला देताना माणसाचं काम विचारा.

पण सरकार देईल तेव्हा देईल. तोवर विहार आपलेच आहेत. प्रत्येक विहारात दोन वॉकर, चार कुबड्या आणि एक कमोडची खुर्ची ठेवायला किती खर्च येतो? जयंतीच्या एका रात्रीच्या डीजेपेक्षा कमीच येतो. हे आम्ही कुणाला हिणवायला म्हणत नाही, आम्हीही त्या मिरवणुकीत नाचलो आहोत. लोखंडी खुर्चीचं बैठक कापून संडासाची खुर्ची करणारा वेल्डर आपल्याच वस्तीत असतो. नर्सिंग आणि फिजिओथेरपी शिकणाऱ्या आपल्या मुली-मुलांनी आठवड्यातून एक संध्याकाळ विहारात द्यावी. प्रत्येक नाक्यावर एकाने मजुरांची रेशनकार्डं, आधार आणि मंडळाची नोंदणी आधीच तपासून ठेवावी, म्हणजे सहाव्या दिवसाचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होईल. आणि बिडी-सिगारेट हाड जुळायला उशीर लावते, हे आपल्या माणसाला प्रेमाने पण ठणकावून सांगावं.

जयपूर फूटचं उदाहरण लक्षात ठेवा. डॉ. प्रमोद करण सेठी यांना त्यासाठी १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि ते त्याला पात्र होते. पण अनवाणी चालता येईल, चिखलात उतरता येईल, उकिडवं बसता येईल असा तो रबरी पाय घडवण्यात रामचंद्र शर्मा नावाच्या कारागिराचा हात होता. ते डॉक्टर नव्हते. आपल्या माणसाला जमिनीवर बसावं लागतं, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही. आमच्या वस्तीला काय लागतं, हे आम्हालाच माहीत आहे. ते ठरवायला दुसरा कुणी येणार नाही.

आणखी एक. पाय अधू झालेली आपली तरुण मुलं काठी धरायला लाजतात. भिंतीला धरून चालतात, कार्यक्रमाला यायचं सोडतात. त्यांना सांगा, १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो माणसांसमोर बाबासाहेब उभे होते, तेव्हा मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने त्यांचं शरीर खचलेलं होतं आणि त्यांच्या हातात काठी होती. काठीने तो माणूस लहान झाला नाही.

तेव्हा पुढच्या वेळी वस्तीत कुणी पडला तर दवाखान्यात फोटो काढून परत येऊ नका. चौथ्या महिन्यात त्याच्या घरी जा. तो कसा चालतो ते बघा. आपली चळवळ नीट चालतेय की नाही, ते तिथे कळेल.

जय भीम!